लाइन पार्टीतला फालतू माणूस

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लष्करातलं आमचं सिग्नल युनिट पूर्वेकडच्या पहाडात होतं. मी हवालदार, लाइनमन. पुढच्या चौक्यांपर्यंत गेलेली टेलिफोनची तार चालू ठेवायची, एवढंच आमच्या लाइन पार्टीचं काम. सकाळी पीटी, मग फॉल-इनची हजेरी, मग तार खांद्यावर घेऊन डोंगर. तुटलेली तार जोडली की फील्ड टेलिफोनवरून एक्स्चेंजला कळवायचं, "लाइन थ्रू." ते सांगितलं की जेवायला मोकळे.

पार्टीत साताऱ्याकडचा नाईक कदम माझा उजवा हात होता. कुठल्याही खांबावर सरसर चढायचा. दुसरा वाशीमकडचा लान्स नाईक म्हस्के. त्याला उंचीवर चक्कर यायची. लाइनमनला चक्कर येणं म्हणजे आचाऱ्याला फोडणीचा ठसका लागणं. त्याला आम्ही खाली तारेचा ड्रम धरायला उभा करायचो.

त्या वर्षी पुण्यातल्या कॉम्प्युटर कोर्सची एक जागा युनिटला मिळाली. नागरिकांना माहीत नसेल म्हणून सांगतो, पलटणीत कोर्सला सहसा कामाचा माणूस जात नाही. ज्याच्यावाचून काही अडत नाही, तो जातो. मी आणि कदम, दोघांनी नावं दिली होती.

सुभेदार साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तर तार कोण जोडणार? म्हस्के जाईल."

मी पुण्याचा, घर विश्रांतवाडीला, आणि पुण्याला निघाला म्हस्के. राग आला. पण आपल्यावाचून अडतं हे ऐकून छातीही फुगली. ती फुगलेली छाती पुढे काही कामाला आली नाही.

म्हस्के गेल्यावर महिन्याभरातच दरड कोसळली आणि पुढच्या चौकीची लाइन गेली. चौकीवर एक जवान जखमी होता, ते नंतर कळलं. कदम आणि मी दुपारी निघालो. वाट जागोजाग खचली होती. चारच्या सुमारास कदमनं वर चढून तार जोडली आणि खांबावरूनच हँडसेट लावला.

"हॅलो एक्स्चेंज. लाइन थ्रू."

खाली उतरून तो हत्यारांची पिशवी उचलायला वाकला, तेव्हा दुसरी दरड आली. मी दहा पावलं पुढे होतो. तार डोक्यावरून गेलेली होती, तिला काही झालं नाही. त्याच लाइनवरून चौकीचा मदतीचा निरोप गेला आणि जखमी जवान वाचला. कदम दुसऱ्या दिवशी सापडला.

त्या दरडीसमोर उभा असताना रडू नंतर आलं. आधी मनात आलं, म्हस्के आत्ता पुण्यात पंख्याखाली बसला असेल.

निवृत्त होऊन घरी आलो तोवर देश बदलला होता. खराडीत शेतं होती तिथे काचेच्या इमारती उठल्या होत्या. खांबावर चढणारा माणूस कुणालाच नको होता. मला तिथल्याच एका इमारतीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली. आत नेटवर्क मॅनेजर कोण? म्हस्के.

रोज सकाळी तो गाडीची काच खाली करून म्हणायचा, "राम राम, उस्ताद." ज्याच्या हातात मी ड्रम दिला, त्याच्यासाठी मी अडसर उचलायचो. अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यानं मला ओळख दाखवली नसती तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

फायबर जोडायचं ट्रेनिंग घ्या, हे त्यानं मला कितीदा सुचवलं. या वयात पाटी-पेन्सिल घेणार नाही, असं मी दरवेळी तुटकपणे सांगितलं. मग गेटचं कंत्राट बदललं. नव्या एजन्सीला तरुण मुलं हवी होती. मुलीचं कॉलेज चालू आणि महिनाअखेर माझी नोकरी संपणार.

त्या दिवशी म्हस्के गाडीतून उतरून माझ्या केबिनमध्ये आला. त्यानं ट्रेनिंगचा विषय पुन्हा काढला.

मी म्हणालो, "आपण मोठे साहेब. आमची काळजी कशाला?"

तो स्टुलावर बसला. "उस्ताद, युनिटच्या मेळाव्यात दरवर्षी कदमची गोष्ट निघते. तुमचं नाव निघतं. मले कोणी विचारत नाही." चिडला की त्याची वाशीमची बोली बाहेर यायची. "मी फालतू होतो म्हणून वाचलो. मले तुमचा हेवा वाटतो. आजही वाटतो."

मी इतकी वर्षं त्याच्यावर जळत होतो आणि हा माझ्यावर. चहा मागवला. तो संपल्यावर ट्रेनिंग कधीपासून ते विचारलं.

सोमवारी ट्रेनिंगला गेलो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा धागा, पण सोलायचं आणि जुळवायचं हात विसरले नव्हते. डोळे विसरले होते, चष्मा घेतला. कामाला लागलो.

पहिला खरा जोड त्याच इमारतीच्या तळघरात केला. दुसरं टोक सातव्या मजल्यावर म्हस्केकडे होतं. सिग्नल पोचला का ते तो तिथून बघणार होता. मी मोबाइल लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. सवयीनं तोंडातून गेलं, "लाइन थ्रू."

पलीकडून म्हस्केनं विचारलं,

"उस्ताद, कदम असंच म्हणाला होता?"

"असंच."

"रॉजर," म्हस्के म्हणाला.

मी हत्यारं पिशवीत भरली. माझ्यासारखंच त्या कोर्सला कदमनंही नाव दिलं होतं. तोही कामाचा होता म्हणून मागे राहिला.