पिवळ्या पानांचा तपास

नेरच्या पंचक्रोशीत माझ्या मावससासऱ्यांइतका संशयी माणूस झाला नाही आणि होणारही नाही. आयुष्य कोर्टात बेलिफ म्हणून गेलेलं, त्यामुळे कोणी निर्दोष असू शकतं हेच काकाजींना पटत नसे. खताच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचं खत वर काढल्याशिवाय ते दुकानाची पायरी उतरत नसत. कपाशीने सगळ्यांना रडवलं त्या वर्षांत त्यांनी पऱ्हाटी काढून संत्रा लावला, आणि तेव्हापासून झाडांचीही उलटतपासणी सुरू झाली. "खालची जुनी पानं आधी पिवळी पडली त नत्र कमी. शेंड्याची नवी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या, त लोह कमी," हे त्यांचं कलम. मावशी मेथी निवडायला बसल्या की जुडीची झडती आधी हे घेत.

बाग फळावर येणार त्या साली मधली झाडं शेंड्याला पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. खूण लोहाचीच. पण माती तपासून आणली तर लोह भरपूर! "मंग झाडाले काहून भेटून नाही राह्यलं? कोणीतरी अडवून राह्यलं!" हा कोणीतरी म्हणजे बांधापलीकडचे सलीमभाई, ज्यांच्यासोबत त्यांचा रोजचा चहा होई. त्यांनी कपाशीत मारलेलं तणनाशक वाऱ्याने बागेवर येतं, असा आरोप. सलीमभाई हात जोडून म्हणाले, "बाबूजी, बांधाजवळची झाडं त हिरवीगार हायेत. माहं औषध त्यायले सोडून मधातच जाऊन पडते काय?" काकाजींना हे उत्तरच जास्त संशयास्पद वाटलं. चहा बंद झाला.

तपास मात्र त्यांनी सोडला नाही. एका दुपारी पिवळ्या झाडांच्या मागे मागे जात ते बागेच्या मध्यावर येऊन थांबले. विहीर खोदताना निघालेला चुनखडीचा पांढरा मुरूम बांधावर टाकला तर सलीमभाई घराच्या भरावाला नेतील, म्हणून त्यांनी स्वतःच तो तिथे पसरवून घेतला होता. मातीतलं लोह त्या चुन्याने अडवलं होतं. "जवाईबुवा," ते खाली बसत मला म्हणाले, "आरोपी घरातलाच निंघाला."

मुरूम उपसला, शेणखत घातलं, लोहाच्या फवारण्या केल्या आणि बाग वाचली. 'चुकलो' म्हणायला मात्र काकाजींनी पहिला बहार येईपर्यंत वेळ घेतला. संत्र्यांची पाटी घेऊन ते बांध ओलांडून गेले, तर सलीमभाईंनी कपाशीला कंटाळून शेत विकलेलं, यवतमाळला गॅरेज टाकलेलं. "जाताना सांगतलं नाही मले," असं म्हणून त्यांनी पाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "मी तरी कुठी बोलत होतो म्हना."

परवा गेलो तर नव्या शेजाऱ्याने बांध चांगला हातभर आत सरकवलेला. मी काकाजींना नेऊन दाखवला. त्यांनी पाहिलं न पाहिलंसं केलं. "नसन जी," ते म्हणाले, "तुमाले भास झाला असन." त्यांच्या तोंडून हे ऐकताना मला भरून आलं.