शिट्टीवाल्या मामांचा जबाब

आमचे मामा बांधकामावर डंपर मागे घ्यायचे. म्हणजे चालवायचे नाहीत. मागे उभं राहून चालकाला वाट दाखवायचे. गळ्यात शिट्टी असायची, पण ती वाजवताना त्यांना कुणी पाहिलं नाही. "फुंकून फुंकून गाल दुखतात," म्हणायचे. गाल कसले दुखतात, आळस, दुसरं काय!

चालक त्यांचा अठरा वर्षांपासूनचा दोस्त. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. या दोघांनी आपापसांत भलतीच रीत पाडली होती. मामा गप्प म्हणजे मागे ये, मामा ओरडले म्हणजे थांब. आरशात बघायची भानगडच नाही. खरं तर मागचा माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची असते. पण या दोघांना शिकवणार कोण?

गाडी मागे येताना वाजणारा भोंगाही मामांनीच बंद केला होता. बाळ झोपत नाही म्हणून शेजारच्या इमारतीतल्या बाळंतिणीने खिडकीतून विनवलं, तर हे सरळ वायर तोडून मोकळे.

त्या दुपारी पाणी मारलेल्या मातीवर मामांचा पाय घसरला. ते पाठीवर आपटले, श्वासच अडकला. ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पैलवानाच्या लेखी मामा गप्प होते. तो मागे येत राहिला.

उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

दवाखान्यात चौकशीचे साहेब येणार होते. त्याआधीच ठेकेदाराच्या माणसाने मामीचे कान भरले: सगळी चूक चालकाची म्हणा, तरच तुमच्या भरपाईचं बघू. तसं म्हटलं असतं तर पैलवानाचं लायसन्स गेलं असतं. मामीने मामांचे हात धरले. "जन्मभर दुसऱ्यांचंच बघितलंत. आता तरी आपल्या घराचं बघा." मीही तिच्याच बाजूने होते, खोटं कशाला बोलू?

मामांनी साहेबांना सांगितलं, "वायर मी तोडली. गप्प राहायची रीतही माझीच. त्याच्या लायसन्सला हात लावू नका."

भरपाई तिथेच बुडाली. मामी उठून बाहेर गेली. मला इतका संताप आला की पाण्याचा पेला मी त्यांच्यापुढे आदळला.

आठवड्याने पैलवान आला. पांघरुणाखाली जिथे पाय असायला हवा होता, तिथे बघत बसला. मग खिशातून लायसन्स काढून त्याने मामांच्या हातात दिलं.

"तूच ठेव. परवा गाडीत बसलो होतो. गाडी मागे घ्यायची म्हटलं की हातपायच गळतात."

"मग पुढेच चालव की, येड्या!" मामा म्हणाले.

पैलवान हसला नाही. मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

पाय गेला तेव्हा मामांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता लायसन्स मुठीत धरून ते हमसाहमशी रडायला लागले.

"दोन्ही घरं बसली गं," मला म्हणाले.