आमचं कंपाउंड
ओल्या सिमेंटचा वास आला की मला घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या चाळीतली ती दुपार आठवते. त्या पावसाळ्यात मागची दरड आमच्या मोरीला येऊन टेकली होती, आणि सरकारी निधीतून भिंत मिळावी म्हणून मी अर्ज लिहिला होता, चाळीतल्या सगळ्या घरांच्या सह्यांसकट. आईबरोबर तो द्यायला सरकारी कचेरीत गेले, तर खिडकीतल्या बाईंनी वाचून परत सरकवला. "कंपाउंड वॉल लिहिलंय तुम्ही. आपत्तीच्या निधीतून कंपाउंड होत नाही. दरड अडवते ती संरक्षक भिंत." माझा चेहरा उतरला. आई मात्र भडकून मालवणीवर आली, "डोंगर काय कंपाउंडात रवता, बाई?" आणि त्याच दमात विचारलं, "किती वाजेपर्यंत बसणार आज?" "पाच." घरी येऊन तिने मला नवा अर्ज लिहायला बसवलं आणि मग छत्री न घेताच, अर्ज पदराखाली धरून, एकेक दार वाजवलं. कुणाचे हात पिठात, कुणी जेमतेम डोळा लागलेलं. तिने कुणालाच सोडलं नाही. पाचला दहा मिनिटं असताना शिक्का पडला. भिंत झाली. चाळीत अजून सगळे तिला कंपाउंडच म्हणतात. काल तिच्या डागडुजीचा अर्ज लिहिला, तर आईने चष्मा लावून आधी 'संरक्षक' हा एक शब्द शोधला आणि मगच सही केली.