वरचा पाइप थंड

गॅरेजमध्ये तिला सगळेच आत्या म्हणत. ज्याची ती खरी आत्या तो भाचा तर म्हणायचाच, पण तिच्याहून दहा वर्षांनी मोठे गिऱ्हाईकही बॉनेट उघडताना "आत्या, जरा बघा हो" म्हणत मान तुकवायचे. भावाबरोबर चौतीस वर्षे तिने इंजिने उघडली आणि मिटली. भाऊ गेला, गॅरेज भाच्याकडे आले आणि भाच्याने स्कॅनर आणला. वायर जोडली की पडद्यावर आकडे. लग्नात बायकोकडेही हा एवढा टक लावून बघत नव्हता, असे आत्याचे मत.

सोमवारपासून आत्याने टेबलाशी बसून फोन घ्यायचे, असे त्याने ठरवले होते. प्रेमानेच. तिच्या गुडघ्यांची काळजी, म्हणून खुर्चीवर नवी उशीही आणून ठेवली. आत्याने ती उशी उचलली आणि गाडीखाली सरकताना डोक्याखाली घेतली.

शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांची गाडी वाफा सोडत आली. दोन आठवड्यांपूर्वीही ती तापते म्हणूनच आली होती. तेव्हा भाच्याने नवा थर्मोस्टॅट बसवला होता; इंजिनातले पाणी तापले की रेडिएटरकडची वाट उघडून देणारी ती छोटीशी झडप. नव्या वस्तूवर कोण संशय घेणार? पडद्यावर इंजिनाचे तापमान एकशे अठरा अंश दिसले आणि भाच्याने निकाल देऊन टाकला: हेड गॅस्केट गेले, इंजिन उघडावे लागणार, आठ दिवस गाडी विसरा.

डॉक्टरांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीतल्या पेशंटसारखा झाला.

आत्या गाडीकडे निघाली. भाच्याने टेबलाकडे बोट दाखवले. तिने त्या बोटाला वळसा घातला.

गाडी गार होईपर्यंत तिने रेडिएटरच्या झाकणाला कोणाला हात लावू दिला नाही. तासभर चहा पीत राखण करत बसली. मग ऑइलची काडी ओढून पाहिली. गॅस्केट फाटून ऑइलमध्ये पाणी शिरले की ऑइल दुधाळ होते. हे स्वच्छ होते. झाकण काढून गाडी चालू केली. गॅस्केट फाटले असते तर रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले असते; इथे एकही येईना. झाकण परत लावले, तापमानाचा काटा चढू दिला. तो लाल रेषेला टेकला तेव्हा तिने रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप चाचपला. इंजिन उकळत होते आणि पाइप थंड.

"गॅस्केट शाबूत आहे. थर्मोस्टॅट काढ."

"अगं, तो नवा आहे. मी स्वतः बसवलाय."

"म्हणूनच म्हणतेय, काढ."

डॉक्टर हसू दाबायला खोकले. भाच्याचे कान लाल झाले. गिऱ्हाइकासमोर असले बोलणे बरे नाही, असे तो हळू आवाजात म्हणाला. आणि थर्मोस्टॅट ठीक निघाला तर सोमवार कशाला, आजपासूनच टेबलाशी बसायचे, हे मोठ्याने.

"आणि ठीक नाही निघाला, तर तू बसशील?" आत्याने विचारले. मग डॉक्टरांकडे वळली. "एक दात दुखला म्हणून तुम्ही अख्खा जबडा काढता का हो?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितले.

इंजिन पुन्हा गार झाल्यावर भाच्याने दणादणा बोल्ट खोलले, पाइप सोडवला आणि आत पाहून हातातला पाना खाली ठेवला. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे असायला हवी. ती रेडिएटरकडे तोंड करून बसली होती. उलटी बसवलेली झडप. तापलेले पाणी तिच्या उष्णता ओळखणाऱ्या भागापर्यंत पोचत नव्हते, मग ती वेळेवर उघडणार कशी?

"तुझ्या बापानं पहिला थर्मोस्टॅट अस्साच बसवला होता," आत्या म्हणाली. "ती गाडी आम्ही दोघांनी ढकलत आणली. तुझ्या आईला अजून माहीत नाही."

भाच्याने झडप सरळ बसवली, पाणी भरले, गाडी चालू केली. थोड्या वेळाने वरचा पाइप तापला आणि काटा मध्यावर जाऊन शहाण्यासारखा थांबला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. भाच्याने आत्याकडे पाहिले. तिचे फक्त पाय दिसत होते. उशी घेऊन ती पुढच्या गाडीखाली गेली होती. फोन वाजतच राहिला.

"उचल की," गाडीखालून आवाज आला. "सोमवारची वाट कशाला बघतोस?"