कावेच्या चार रेघा

डोशाचं पीठ आंबलं नव्हतं, म्हणून मी पोहे भिजवले होते. नऊला रंगारी येणार होता. दसऱ्याच्या आत कुंपणाची भिंत पांढरी करायची असं ठरलं होतं. इतक्यात दार वाजलं.

शेजारच्या अंबुबाई. वय चौऱ्याहत्तर, हातात फुलांची परडी, साडीचा काठ ओला.

“मृदुला, ओढ्यातला धुण्याचा दगड बुडाला. पाणी लाल आलंय. सासऱ्यांना वर ने.”

बाहेर लख्ख ऊन. मांडीचं हाड मोडल्यापासून बाबा तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत पलंगावर असतात. माझा नवरा दिगंबर मोबाइल दाखवत म्हणाला, “मावशी, यात पाऊसच नाही.”

“इथे नसेल. डोंगराकडे पहाटेपासून गडगडतंय. तुझ्या मोबाइलचे पाय भिजत नाहीत रे! सुम्ने नुसता उभा राहू नको, बेगा बेगा धर त्यांना.”

अंबुबाईंचं माहेर सोसले गावचं, नदीकाठचं. पाणी बघायला त्या वडिलांकडून शिकल्या. सतराव्या वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या, पुढे लष्कर मोहल्ल्यातल्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलं. शिवणाच्या बाईंना माप हवंच. ओढा गल्लीत शिरून ओसरला की उंबऱ्याला लावायच्या लाल कावेनं त्या आमच्या भिंतीवर रेघ ओढायच्या, शेजारी वर्ष लिहायच्या. अशा चार रेघा. वर्षांचे आकडे पुसट झालेले, आम्ही त्यांना डाग समजलो. रंगाऱ्याला घासून काढायलाही सांगितलं होतं.

आम्ही दोघांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. अर्ध्या जिन्यात बाबा म्हणाले, “माझी कवळी राहिली.”

“कवळी नवी मिळते,” मागून अंबुबाई. “चला वर.”

पाऊण तासात पाणी आलं. बादल्या, चपला, आमच्या तुळशीची कुंडी, सगळं गरगरत गेलं. बाबांची गादी भिजली. मी घाबरून गॅलरीतून भिंतीकडे बघत राहिले.

“तिसरी रेघ सगळ्यांत उंच, तिच्या वर नाही जायचं,” त्या म्हणाल्या. “तिथपर्यंत आलं की पलीकडच्या मैदानात वळतं.”

तिसरीच्या दोन बोटं खाली ते थांबलं.

दुपारी आम्ही चिखल लोटत होतो, तेव्हा रंगारी आला. अंबुबाईंनी पाचवी रेघ ओढली, पदराला हात पुसले.

“मृदुला, भिंत खुशाल रंगव. रेघांपुरती जागा तेवढी सोड.”