काळ्या बाजूला बसणारे मामंजी

आमच्या मामंजींना पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळताना कुणी पाहिलं नव्हतं. बुद्धिबळाचा पट मांडला की ते काळ्या बाजूला बसत आणि पांढरी बाजू समोरच्याच्या गळ्यात घालत. सासरे म्हणून त्यांनी माझ्यावर केलेला जुलूम एवढाच, की रोज संध्याकाळी डावाची सुरुवात मला करावी लागे. पस्तीस वर्षं ते शाळेत मास्तर होते. कारण विचारलं तर म्हणत, "वर्गात पहिलं तोंड मलाच उघडावं लागायचं. आता दुसऱ्यानं सुरू करावं, मी बघतो."

लग्न होऊन मी नागपूरहून काशीला आले तेव्हा कुठलं मोहरं कसं चालतं एवढंच मला ठाऊक होतं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. सासूबाई आधीच गेलेल्या. ह्यांची रेल्वेतली नोकरी गंगेपलीकडे मुगलसरायला, ड्यूटीच्या वेळा वाटेल तशा. मी एका खाजगी शाळेत कच्च्या नोकरीवर संस्कृत शिकवत होते. दिवसभर साठ-साठ मुलींपुढे घसा फोडायचा आणि मग मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीच्या पायऱ्या चढायच्या. घरी पोचेपर्यंत पिशवी खांद्यावरून उतरवायचंही त्राण नसे. खिडकीशी मामंजी पट मांडून तयार. चहा त्यांनीच केलेला, आणि कायम पाणचट. "थकलीस ना? मग बस, सूनबाई. तू फक्त एक प्यादं हलव, बाकीची फिकीर मी करतो."

मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायची. त्यांचं उत्तर सात वर्षांत बदललं नाही. त्यांचंही राजापुढचंच प्यादं, पण एकच घर. मग पुढच्या खेळीला वजिरापुढचं, दोन घरं. याला फ्रेंच बचाव म्हणतात हे त्यांनी कुठल्याशा जुन्या पुस्तकात वाचलं होतं, पण फ्रान्सशी त्यांना काही कर्तव्य नव्हतं. त्यांच्या वडिलांनी शिकवलेल्या देशी खेळात प्यादं पहिल्या खेळीलासुद्धा एकच घर चाले, आणि विलायती नियमातली दोन घरं त्यांना उतावळेपणाची वाटत. "पहिली चाल बापाची, दुसरी जमान्याची," म्हणायचे.

एकदा मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या सामन्यात त्यांच्या नावानं पांढऱ्याची चिठ्ठी निघाली. त्यांनी समोरच्या बँकेतल्या गृहस्थांना पट फिरवून घ्यायची विनंती केली. ते नियमावर बोट ठेवून बसले. मामंजी शांतपणे उठले, गणपतीला नमस्कार केला आणि घरी आले. पहिल्याच फेरीत, एकही खेळी न करता बाद. मी चिडले, तर म्हणाले, "प्रसाद मिळाला की."

या बचावात एक खोट आहे. वजिराशेजारचा उंट आपल्याच प्याद्यांमागे अडकून पडतो. डाव अर्धा सरला तरी बिचारा जागच्या जागी. मी त्यावरून त्यांना चिडवायची. ते त्या उंटाच्या डोक्यावर बोट ठेवून म्हणत, "याला दुश्मनानं नाही अडवलेलं. घरच्यांनीच अडवलाय. त्याला वाट काढून देणं हे आपलं काम." मग दहा-बारा खेळ्या खटपट करून ते तो उंट बाहेर काढत आणि माझ्या चांगल्या उंटाबरोबर मारामारी करून टाकत. आपला उंट गेला की सुटल्यासारखे मागे टेकून बसत.

सासूबाई गेल्यावर मामंजींनी क्षेत्रसंन्यास घेतला होता. म्हणजे काशीची हद्द मरेपर्यंत ओलांडायची नाही. मुलाचं ऑफिस नदीपलीकडे, म्हणून तेही त्यांनी कधी पाहिलं नाही. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. सातव्या वर्षी जबलपूरच्या कॉलेजातून मला पक्क्या नोकरीचं पत्र आलं, तेव्हा त्या व्रताचा अर्थ कळला. हे बदली मागू शकत होते. मामंजींना नेता येत नव्हतं आणि एकटं ठेवता येत नव्हतं. आम्ही दोघांनी ठरवलं, त्यांना सांगायचंच नाही. मी नकाराचं पत्र लिहून वहीत ठेवलं. वाईट खूप वाटत होतं, पण रडायचासुद्धा कंटाळा आला होता.

त्या संध्याकाळी माझा वजीर मी त्यांच्या घोड्याच्या तोंडात नेऊन ठेवला. त्यांनी तो मारला नाही. घोड्याला हातही लावला नाही.

"कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र माझ्याच हातात दिलं होतं पोस्टमननं. तुझ्या पुस्तकांवर मीच ठेवलं," ते म्हणाले. "आठ दिवस वाट बघतोय, कधी बोलतेस त्याची."

मी म्हटलं, नाही जायचं मला.

"व्रत माझं आहे, सूनबाई. त्याची प्यादी तुझ्या वाटेत उभी राहिली, हे मला आधी दिसायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी ते राजा घाटाजवळ राहणाऱ्या आपल्या विधवा बहिणीकडे, आक्कांकडे गेले. आक्कांच्या अखंड बोलण्याला कंटाळून त्यांनी कित्येक वर्षं त्या घराची पायरी चढली नव्हती. तिथे राहायचं ठरवूनच परतले. मी हात जोडले, ह्यांनी आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. "आक्का बोलेल, मी ऐकेन. काळ्या बाजूला बसायची सवय आहे मला," एवढंच म्हणाले. पट आणि दोन धोतरं घेऊन ते आमच्या आधी घराबाहेर पडले.

पुढच्या वैशाखात ते काशीतच गेले. आम्ही पोचेस्तोवर सगळं आटोपलं होतं, आणि ते मला अजून सलतं. पण मला त्यांची शेवटची आठवण आहे ती त्याआधीच्या नाताळच्या सुट्टीतली. सबंध दिवस गाडीत उभ्यानं काढून मी आक्कांच्या दारात पोचले. आक्का आतून कुणाच्या तरी सुनेविषयी बोलत होत्या. मामंजी खूप वाळले होते. पट मांडलेला होता. मी सवयीनं माझ्या जागी बसले, तर समोर काळी मोहरी.

मला वाटलं, आता नजर गेली यांची. मी पट फिरवायला हात लावला तर त्यांनी तो धरला.

"दिवसभर वर्गात तूच सुरुवात करायचीस, आणि घरी आल्यावर पुन्हा मी तुलाच करायला लावायचो. सात वर्षांत माझ्या ध्यानात आलं नाही," ते म्हणाले. "थकून आलीस. आज मी करतो."

मग ते बराच वेळ त्या पांढऱ्या मोहऱ्यांकडे बघत राहिले. अखेर त्यांनी राजापुढचं प्यादं उचललं, एकच घर पुढे ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन माझी वाट बघत बसले.