एकेचाळीस वरवंटे

दुपारच्या सुट्टीत पोरं जेवायला घरी पळतात आणि शैलाबाई तांदळे टेबलावर डोकं टेकतात. थकल्यात हे खरंच, पण त्याहून खरं म्हणजे समोरची यादी त्यांना बघवत नाही. गावाचं, पिंपळटाक्याचं, सर्वेक्षण आहे आणि ते पाच वाजेपर्यंत कचेरीत पोचवायचं आहे. पाचशे माणसं भरली तर घाटातून रस्ता होईल, नाहीतर पुढच्या सर्वेक्षणापर्यंत हीच पायवाट.

आणि माणसं मोजायची कधी, तर पौषात! दिवाळी झाली की गावातली धडधाकट माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात ती पाडव्याला परततात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कचेरीला फक्त मार्चअखेर ठाऊक. 'सर्वेक्षणाच्या दिवशी हजर असेल तोच रहिवासी' असं परिपत्रक आहे. काम नाही म्हणून माणसं जातात, माणसं नाहीत म्हणून रस्ता होत नाही, रस्ता नाही म्हणून काम येत नाही. याला वरची मंडळी विकास आराखडा म्हणतात आणि त्याची रंगीत पुस्तिका छापतात.

"मागचीच यादी उतरवा, वय तेवढं तीननं वाढवा," असं ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सकाळी फोनवर सांगितलं. बाईंनी निमूट उतरवली. हजर दोनशे बारा, कुलूपबंद घरं एकेचाळीस. आता पेन बोटांत तसंच आहे, पत्र्यावर ऊन तडतडतंय, आणि अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली आहेत.

"झोपलीस व्हय, बाई?"

दारात कौतिकमाय सानप उभी आहे. ती गेल्या माघात वारली, हे शैलाबाईंना आठवतं आहे आणि तरी नवल वाटत नाही. छातीत कळ आली तेव्हा दवाखान्याची गाडी घाटाखालीच थांबली होती. चार म्हाताऱ्यांनी तिला बाजेवर घालून खाली न्यायला घेतलं, पण तिसऱ्या वळणावर तिनं मान टाकली. ज्यांच्या खांद्यांत बळ होतं ते सगळे तेव्हा दीडशे कोसांवर उसाच्या फडात होते.

"माझी लेकरं कुठं ठिवलीस?" कौतिकमाय विचारते.

शैलाबाई वर्गाच्या कोपऱ्याकडे बोट करतात. तिथं वरवंटे मांडलेले आहेत. ही या गावाची रीत. ऊसतोडीला जाताना पाटा-वरवंटा कोण वाहून नेणार? पाटा घरात राहतो. वरवंटा मात्र धुऊन, हळद लावून, सुतळी बांधून कौतिकमायच्या ओट्यावर आणून ठेवायचा. सुतळीला माणशी एक गाठ. परतल्यावर ज्यानं त्यानं आपापला उचलायचा. वरवंटा गावात आहे तोवर घर गावात आहे, असं बायका म्हणतात. यंदा म्हातारी नाही, म्हणून त्यांनी ते शाळेत आणून ठेवले. शाळेचं गोदाम केलं म्हणून शैलाबाई तेव्हा चिडल्याही होत्या.

"तीन वर्सांमागं तू मला काय इचारलं व्हतंस, आठवतंय?"

आठवतं. मागच्या सर्वेक्षणाला तिच्या ओट्यापाशी थांबून 'माय, एवढे वरवंटे विकायला ठेवलेत का?' असं विचारून त्या हसल्या होत्या. म्हातारी म्हणाली होती, 'घरं हायेत ती, बाई.' त्यांना नीट ऐकू आलं होतं. पण फॉर्मात तसा रकाना नव्हता, म्हणून त्यांनी कुलूपबंद लिहिलं.

कोपऱ्यात आता भिंत नाही. बाकांच्या मधून ऊस उभा आहे, उंच आणि दाट. पाल्यानं हात कापले गेलेल्या बायका वर न बघता तोडत चालल्या आहेत. मंदोदरी मिसाळ आहे, तिची सून आहे, सुनेच्या पाठीला झोळीतलं मूल आहे.

"मोज की ह्यांना."

"हा दुसरा जिल्हा आहे, माय. माझ्या हद्दीत येत नाही."

"मग हितल्यांनी तरी मोजलंय का?"

"नाही. इथं ते बाहेरचे."

"म्हंजी हितं बाहेरचे, अन् तिथं कुलूप. मग हायेत तरी कुठं गं ही माणसं?"

ऊस संपतो तिथं घाटाचं तिसरं वळण आहे. बाज पायवाटेवर टेकवलेली आहे आणि तिच्यावर म्हातारीऐवजी यादी पसरली आहे. पहिल्या ओळीवर कौतिकमाय बोट ठेवते. तिला वाचता येत नव्हतं, पण आता येतं.

"कौतिकाबाई सानप, वय चौऱ्याहत्तर, हजर," ती वाचते आणि मान वर करते. "मेलेली मी हजर, अन् जित्ती माणसं गैरहजर. कोणत्या शाळेत शिकलीस ही बेरीज?"

शैलाबाईंच्या अंगाची लाहीलाही होते. कचेरीचा राग येतो, भाऊसाहेबांचा येतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा येतो म्हणून त्या म्हातारीवरच ओरडतात, "मी काय करू? नियम मी केलाय का?"

"नियम तुझा न्हाई," कौतिकमाय शांतपणे म्हणते. "अक्षर तर तुझंच हाय ना?"

तिच्या हातात तिचा स्वतःचा वरवंटा आहे. म्हातारी एकटी राहायची, म्हणून सुतळीला एकच गाठ.

"ही सोड. मला मोजू नगंस. म्या गेले."

गाठ जुनी आहे, पाणी पिऊन आवळलेली. शैलाबाई नखांनी ओढतात, दातांनी ओढतात. अंगठ्याचं नख उलटतं तरी सोडत नाहीत, आणि शेवटी ती सुटते.

घंटा वाजत नाही, कोणी हाकही मारत नाही, तरी त्यांना जाग येते. पत्रा तडतडतो आहे. उजव्या अंगठ्याचं नख ठणकतं आहे. मूठ उघडल्यावर आत हळदीनं पिवळी झालेली वीतभर सुतळी निघते, मधोमध वळ पडलेली, जिथं नुकतीच गाठ सुटली असावी. कौतिकमायचा वरवंटा या कोपऱ्यात नाही. तो तिच्या बंद घरात पाट्यावरच पडून आहे.

शैलाबाई सुतळी टेबलावर ठेवतात. मग यादीतल्या पहिल्या नावावर आडवी रेघ मारतात, शेजारी 'मयत, रस्त्याअभावी' असं लिहितात आणि खाली सही करतात. कोरा कागद घेऊन कोपऱ्यात जमिनीवर बसतात. पहिला वरवंटा मंदोदरीचा. गाठी अकरा. दुसरा खाड्यांच्या घरचा, सात.

नवव्या वरवंट्याला फोन वाजतो.

"बाई, यादी झाली का?" भाऊसाहेब विचारतात. "उतरवायचीच तर होती."

"वेळ लागेल," शैलाबाई म्हणतात. "माणसं हजर आहेत. मोजतेय."